उसाचा युरिया समुद्रात सापडतो तेव्हा



मोठ्या बांधणीच्या वेळी आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर येते. "एक पोतं जादा पडलं तर बिघडतं कुठं? ऊस काय नको म्हणतोय व्हय?" ऊस नको म्हणत नाही, हे खरे. पण त्याने न उचललेले नत्र जाते कुठे, हे आपण सहसा विचारीत नाही. ऑस्ट्रेलियातील ऊस उत्पादकांना हा प्रश्न समुद्राच्या पाण्याने विचारला. ती हकिगत आपल्याही कामाची आहे.

ऑस्ट्रेलियातील बहुतेक ऊस क्वीन्सलँड राज्यात, पूर्व किनाऱ्यालगत पिकतो. टली, हर्बर्ट, बर्डेकिन या नद्यांच्या खोऱ्यांत उसाचे फड आहेत. समोरच्या समुद्रात ग्रेट बॅरियर रीफ ही प्रवाळांची सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची रांग आहे. १९८१ पासून ती जागतिक वारसा मानली जाते. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो चुन्याचे घर बांधणाऱ्या बारीक जीवांचा संसार आहे. मासळीला आसरा आणि चारा तिथेच मिळतो.

या भागात पाऊस प्रचंड. टली गावी १९५० साली ७.९ मीटर, म्हणजे जवळजवळ २६ फूट पाऊस झाला. गावाने तेवढ्याच उंचीचा एक सोनेरी गमबूट उभारला आहे. अशा पावसात फडातले विरघळलेले नत्र टिकणार किती? ते चारीतून ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून थेट समुद्रात.

समुद्रातही खत खतासारखेच वागते. पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती माजतात. पाणी हिरवट होते, प्रवाळाला उजेड कमी मिळतो, वर शेवाळही जागा बळकावते. प्रवाळ खाणारा एक काटेरी तारामासा आहे. त्याची मादी लाखो अंडी घालते. पाण्यात या सूक्ष्म वनस्पती वाढल्या की त्याची जास्त पिल्ले जगतात, असे बऱ्याच शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे.

हे कळते कसे? २००५ पासून किनाऱ्याजवळच्या पाण्याची नियमित तपासणी सुरू आहे. बोट ठरलेल्या जागी जाते. दोरीला बांधलेली तबकडी पाण्यात सोडतात आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजतात. खुल्या किनारी पाण्यात वर्षाची सरासरी १० मीटर असावी, असा दंडक आहे. पाण्यातला हिरवा रंग, म्हणजे हरितद्रव्य, लिटरला ०.४५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग! पूर आला की त्या गढूळ लोंढ्याचेही नमुने घेतात. या सगळ्यातून निष्कर्ष निघाला, की गाळ मुख्यतः गुरे चरण्याच्या माळरानांवरून येतो. पण विरघळलेले नत्र मुख्यतः उसातून येते.

तिथले शेतकरी गप्प बसले नाहीत. "समुद्र तापला म्हणून प्रवाळ मरतोय, आमच्यावर खापर कशाला?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. समुद्राची उष्णता हेच सर्वांत मोठे संकट आहे. १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ साली प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. पण आजारातून उठणाऱ्याला निदान पाणी तरी स्वच्छ हवे. उष्णता एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही, खताचे पोते मात्र आहे.

दुसरी शंका अशी, की नदीच्या मुखाशी घेतलेल्या नमुन्यात नत्र कोणाचे? उसाचे, केळीचे की गावच्या सांडपाण्याचे? म्हणून रसेल-मलग्रेव्ह खोऱ्यात ऊस उत्पादक आणि जेम्स कुक विद्यापीठाचे शास्त्रज्ञ यांनी मिळून ओढ्या-नाल्यांतच नायट्रेट मोजणे सुरू केले. परक्याच्या अहवालातला आकडा नाकारता येतो. आपल्या बांधाजवळच्या ओढ्याचा आकडा नाकारणे जड जाते.

खताचा हिशेबही त्यांनी सोपा केला आहे. अपेक्षित उत्पादनाच्या पहिल्या १०० टनांना टनामागे १.४ किलो नत्र, त्यावर टनाला १ किलो. हेक्टरी १२० टन धरले तर १६० किलो. मातीत सेंद्रिय कर्ब जास्त असेल तर त्यातूनही वजावट. २०१९ साली तर कायदाच आला. माती परीक्षण, खताची नोंद आणि नत्र-स्फुरदाचा हिशेब ऊस उत्पादकांना बंधनकारक झाला.

त्यांचा आकडा आपण उचलायचा नाही. आपली जमीन वेगळी, पिकाचा काळ वेगळा. आपल्याकडे सुरू उसाला हेक्टरी २५० किलो, पूर्वहंगामीला ३४० आणि आडसालीला ४०० किलो नत्राची शिफारस आहे. तेही एकदम नाही, चार हप्त्यांत. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४०. उचलायची आहे ती मोजण्याची सवय.

"आपल्याला समुद्र कुठाय?" असे कोणी म्हणेल. कृष्णा आणि गोदावरी बंगालच्या उपसागरालाच मिळतात. तेही लांब वाटले तर आपली विहीर पाहा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे, असे भारतीय मानक सांगते. पाटपाण्याबरोबर मुळाखाली गेलेला युरिया विहिरीत उतरू शकतो, आणि ते पाणी आपलीच पोरे-बाळे पितात.

युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. जादा पोते टाकण्याआधी मातीचा नमुना द्या, पाचट जाळू नका, वाफसा पाहून खत मातीआड करा आणि दिलेले प्रत्येक पोते वहीत लिहा. क्वीन्सलँडमध्ये ही वही कायद्याने लिहायला लावली. आपण ती आजच आपल्या मर्जीने घातली तर काय वाईट?