तिळगुळाचा पाक

संक्रांतीच्या दिवशी मुलांनी शाळेत तिळगूळ न्यावा, ही रीत मराठी कुटुंबांत सर्वत्र आढळते. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या कुटुंबांनीही ती सोडलेली नाही. छत्तीसगढातील दुर्ग व भिलाई या जोडशहरांचे उदाहरण घ्यावे. या प्रदेशात नागपूरकर भोसल्यांची स्वारी १७४१ मध्ये आली आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत त्यांचा संबंध या ना त्या स्वरूपात टिकला. पुढे रेल्वे आली. १९५५ च्या करारान्वये भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचे ठरले व ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून भारताच्या सर्व प्रांतांतील माणसे तेथे येऊन राहिली. त्यामुळे मोहन नगरासारख्या वस्तीतील मराठी मुलाच्या वर्गात छत्तीसगढी, बंगाली, तेलुगू, मलयाळी अशी सर्व प्रकारची मुले असू शकतात, आणि संक्रांतीच्या डब्यातील लाडू त्या सर्वांना मिळावयाचा असतो. छत्तीसगढी मुलांना तो अपरिचित नसतो. पौष पौर्णिमेच्या छेरछेरा सणाला दारोदार धान मागत हिंडणाऱ्या या मुलांच्या घरी गुळाच्या पाकात वळलेले मुरमुऱ्यांचे, म्हणजे तेथील भाषेत मुर्र्याचे, लाडू होतातच.

शाळेत न्यावयाच्या खाऊकडून काही साध्या अपेक्षा असतात. तो डब्यात सांडू नये, हाताला चिकटू नये, दोन दिवस आधी केला तरी बिघडू नये आणि चाळीस मुलांना पुरावा. तिळगूळ या सर्व कसोट्यांना उतरतो. तरीही तो करताना घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. गेल्या वर्षी लाडू खुसखुशीत झाले, यंदा त्याच प्रमाणाने दगडासारखे झाले. किंवा ते वळलेच नाहीत, नुसता चुरा हाती आला. याचे कारण प्रमाणात शोधून सापडत नाही. ते पाकात किती पाणी उरले यात आहे.

शुद्ध पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सें. ला उकळते. त्यात साखर विरघळली की उकळण्यासाठी अधिक उष्णता लागते, आणि पाणी वाफ होऊन जसजसे कमी होते तसतसा हा उत्कलनबिंदू वर चढतो. म्हणून उकळत्या पाकाचे तापमान म्हणजे त्यात उरलेल्या पाण्याचे मापच होय. साखरेच्या पाकाचे तापमान ११५ अंशांच्या आसपास असता त्यात सुमारे १५ टक्के पाणी असते. थंड पाण्यात थेंब टाकल्यास त्याची मऊ गोळी होते. हाच गोळीबंद पाक. १२० अंशांच्या पुढे गोळी घट्ट होते. १५० अंशांवर पाणी जेमतेम एक-दोन टक्के उरते आणि थेंब काचेसारखा ठिसूळ होऊन ताटलीत टणकन वाजतो. गुळात इतर द्रव्ये असल्यामुळे त्याच्या बाबतीत हे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण क्रम तोच राहतो. लाडवाला पहिल्या दोन अवस्थांच्या मधला पाक हवा, चिक्कीला शेवटचा. वाटीभर थंड पाण्यात थेंब टाकून पाहण्याची गृहिणींची रीत उष्णतामापकाइतकीच शास्त्रीय आहे. किंबहुना एका बाबतीत ती सरस आहे, कारण उत्कलनबिंदू गावाच्या उंचीप्रमाणे बदलतो. भिलाई समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच असल्याने तेथे पाणी ९९ अंशांनाच उकळते. महाबळेश्वरी तर ९६ अंशही गाठले जात नाहीत. गोळी मात्र सगळीकडे सारखीच होते.

थोड्याशा फरकाने पदार्थाचा स्वभाव पालटतो, हे भिलाईच्या मुलांना वेगळे सांगावयास नको. झोतभट्टीतून निघणाऱ्या बिडात सुमारे ४ टक्के कार्बन असतो व ते ठिसूळ असते. तोच कार्बन एक टक्क्याच्याही खाली आणला की रेल्वेचा रूळ होतो. पाकातील पाण्याचे काम काहीसे याच जातीचे आहे. फरक एवढाच की स्वयंपाकघरात हा निर्णय दोन-तीन मिनिटांत घ्यावा लागतो. पाणी कमी होत गेले की तापमान झपाट्याने चढते, आणि वळायला सोपा पाक पाहता पाहता कडक होऊन बसतो.

दुसरा प्रश्न गुळाच्या जातीचा. गुळात मुख्यतः उसाची साखर असते, पण तिच्याबरोबर द्राक्षशर्करा व फलशर्करा यांचेही मिश्रण असते. उसाच्या साखरेच्या रेणूचे विघटन होऊन ही दोन द्रव्ये तयार होतात. ती साखरेच्या स्फटिकांना जुळू देत नाहीत आणि हवेतील ओलावा धरून ठेवतात. ज्या गुळात त्यांचे प्रमाण अधिक, तो चिवट व ओलसर. ज्यात कमी, तो कोरडा व रवाळ. बाजारात ‘चिक्कीचा गूळ’ म्हणून मिळणारा गूळ चिवट जातीचा असतो. नुसत्या साखरेची चिक्की करताना पाकात लिंबाचे चार थेंब पिळतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे: आम्लामुळे काही साखरेचे विघटन होते व पाक रवाळ होत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याचे कारण निराळे. गुळातील आम्लाशी व उष्णतेशी गाठ पडताच त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड वायू सुटतो, आणि त्याच्या बारीक बुडबुड्यांनी चिक्की दातांना सोपी होते.

चाळीस लहान लाडवांसाठी तीळ व गूळ प्रत्येकी २५० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट १०० ग्रॅम, सुके खोबरे ५० ग्रॅम आणि चमचाभर तूप पुरते. तीळ मंद आचेवर भाजावेत. ते तडतडू लागतात, कारण आत कोंडलेल्या ओलाव्याची वाफ टरफल फोडून बाहेर पडते. भाजल्याचा खमंग वास प्रथिने व शर्करा यांच्या रासायनिक क्रियेतून येतो; फ्रेंच शास्त्रज्ञ मायार याने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. तुपात गूळ वितळवून थेंबाची गोळी होताच भांडे उतरवावे व बाकीचे जिन्नस त्यात मिसळावे.

येथे एक गोष्ट गांभीर्याने सांगणे आवश्यक आहे. मुले उत्साहाने लाडू वळावयास धावतात. पण पाक हा उकळत्या पाण्यापेक्षा अधिक तापलेला असतो आणि पाण्यासारखा ओघळून न जाता कातडीला चिकटून राहतो, त्यामुळे त्याने भाजल्यास जखम खोलवर जाते. तसे झालेच तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. बर्फ, तूप किंवा दंतमंजन लावू नये. फोड आल्यास डॉक्टरांना दाखवावे. पाकाचे काम मोठ्यांनीच करावे हे उत्तम.

मुलांच्या हातांसाठी विस्तवावाचून होणारा लाडू अधिक योग्य आहे, आणि तो अनेक घरांत पूर्वापार होत आला आहे. भाजून निवालेले तीळ व किसलेला गूळ खलबत्त्यात एकत्र कुटावेत. तिळात निम्म्याच्या आसपास तेल असते. कुटल्याने पेशी फुटून ते बाहेर येते, गुळाच्या कणांवर पसरते, आणि गुळाचा स्वतःचा ओलावा त्यांना एकमेकांशी बांधतो. मुठीत दाबताच लाडू वळतो. पाक नाही, तापमान नाही, आणि दगड होण्याची भीतीही नाही. तो पाकातल्या लाडवाइतका टणक होत नाही, पण शाळेच्या डब्यात सहज टिकतो. सात-आठ वर्षांचे मूल हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करू शकते.

दोन्ही लाडू टिकतात ते एकाच कारणाने. जंतूंना वाढण्यासाठी मोकळे पाणी हवे. येथे असलेले थोडे पाणी शर्करेने बांधून घेतलेले असते. तिळाचे तेल सहसा लवकर खवट होत नाही, कारण त्यातील काही नैसर्गिक द्रव्ये हवेच्या क्रियेला अडवितात. दाण्याचे कूट मात्र आधी खवटते, म्हणून ते ताजेच घ्यावे.

तिळगुळाच्या पौष्टिकपणाविषयी अतिशयोक्ती फार होते. न सोललेल्या १०० ग्रॅम तिळांत सुमारे ९७५ मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो हे खरे. पण पंधरा ग्रॅमच्या लाडवात तीळ सहा ग्रॅमही नसतात, म्हणजे कॅल्शियम ५० ते ६० मिलिग्रॅम. त्यातीलही बराच भाग ऑक्झॅलेटशी बांधलेला असल्याने शरीराला मिळत नाही. कपभर दुधात याच्या चौपट असतो. पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ दिसायला सुंदर असले तरी टरफलाबरोबर बहुतेक कॅल्शियम निघून गेलेले असते. गावरान तीळ घेतलेले बरे. गूळही साखरच आहे, ती दातांना सोडत नाही. स्वीडनमधील विपेहोल्म येथे १९४५ ते १९५५ या काळात झालेल्या प्रयोगांतून चिकट गोड पदार्थ दोन जेवणांच्या मध्ये वारंवार खाल्ल्यास दात सर्वाधिक किडतात असे दिसून आले. हे प्रयोग मानसिक दुर्बलता असलेल्या रुग्णांवर करण्यात आले होते आणि आज कोणीही ते न्याय्य मानणार नाही. निष्कर्ष मात्र खरा ठरला आहे. एक लाडू खाऊन चूळ भरणे, एवढा उपाय शाळेतही होऊ शकतो.

वर्गात वाटण्यापूर्वी शिक्षकांनी एक चौकशी अवश्य करावी. काही मुलांना शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी असते. लाडवाच्या एका घासाने त्यांच्या अंगावर गांधी उठतात व क्वचित श्वास कोंडतो. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर तिळाचा असा उल्लेख कायद्याने बंधनकारक झाला आहे. अशा मुलासाठी मुरमुरे व गुळाचा लाडू निराळ्या भांड्यात, निराळ्या हातांनी वळून न्यावा.

लाडू बांधण्यासाठी वर्तमानपत्राचा कागद वापरू नये. तिळाचे तेल छपाईची शाई ओढून घेते, आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्येच अशा वापराविरुद्ध सूचना काढली आहे. झाकणाचा स्टीलचा डबा आणि आत स्वच्छ कोरा कागद पुरे होतो.