पत्र्याला पहाटे पाणी सुटतंय? थंडीआधी घर तपासा

वर्षावास संपला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला गेलेली माणसं परतली, की कळमनुरीच्या वस्त्यांत रात्रीची हवा बदलते. सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची वेचणी चालू असते आणि ट्रंकेतल्या गोधड्या, वाकळा उन्हात पडतात. अंथरूण-पांघरुणाची तयारी आपण दरवर्षी करतो, घराची मात्र करत नाही. ‘पत्र्याचं घर आहे, गार पडणारच’ म्हणून सोडून देतो. मग डिसेंबरात लेकरू कफानं भरतं, आजीचा दमा उसळतो. दवाखान्याचा खर्च होतो आणि मजुरीचा खाडाही पडतो.

आपल्याकडची थंडी काही थट्टेची नाही. शेजारच्या परभणीत कृषी विद्यापीठात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण अनेक हिवाळ्यांत वाचल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली घरांविषयी सूचना काढल्या. थंड हवेच्या देशांत घरातलं तापमान निदान १८ अंश असावं, असं त्यात म्हटलं आहे. पत्र्याच्या खोलीत पहाटे १८ अंश राखणं अवघड आहे, हे आम्हाला कळतं. पण पाच-सहा माणसं आत झोपूनही पहाटे आत-बाहेर सारखंच गार लागत असेल, तर ते घर ऊब धरत नाही असं समजावं.

सगळ्यांत सांगणारी खूण म्हणजे पत्र्याला सुटणारं पाणी. पावसाळा संपून महिना झालेला असतो, तरी पहाटे पत्र्याच्या आतून थेंब पडतात. चुलीच्या धुरानं पत्रा काळा झालेला असेल तर गोधडीवर काळपट डाग पडतात. पुष्कळ जण याला गळती समजतात आणि वर चढून डांबर लावतात, तरी पाणी पडायचं ते पडतंच. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम सुटतो, तसंच हे आहे. निरभ्र रात्री पातळ पत्रा आपली सगळी उष्णता आभाळाकडे टाकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. आपल्या श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ त्याला लागते आणि पाणी होऊन खाली येते. म्हणजे पाऊस नसताना पहाटे थेंब पडत असतील, तर पत्र्याला भोक नाही. पत्र्याखाली आडोसा नाही.

दुसरी तपासणी दुपारी करायची. दार-खिडकी लावून दिवा बंद करा आणि आत पाच मिनिटं थांबा. जिथून उजेड येतो तिथून रात्री वारा येतो. बहुतेक घरांत हा उजेड भिंत आणि पत्रा यांच्या सांध्यात आणि दाराखाली दिसतो. अगरबत्ती पेटवून तिथं धरली, की धूर कुठं ओढला जातो तेही कळतं. सकाळी अंथरूण उचलून खालची बाजू हातानं पाहा. ओलसर लागली तर गारवा जमिनीतूनही येतो आहे. कोपऱ्यात काळी बुरशी आणि कुबट वास असेल तर घरातल्या दमेकऱ्याला तिथं झोपवू नका.

आपल्या आजोबांच्या पिढीनं मराठवाड्यात माळवदाची घरं पाहिली. लाकडावर मातीचा जाड थर असे. अशी घरं थंडीत उबदार आणि उन्हाळ्यात गार राहत. पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, मातीची वजनदार छतं आणि दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. त्यानंतर मातीच्या छताचा धाक बसला, तो योग्यच होता. हे आज सांगण्याचं कारण आपल्याच तालुक्यात आहे. २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, पुन्हा १० जुलैला तेवढाच. मार्चमध्ये तर पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या, असं आवाहन प्रशासनाला करावं लागलं. तेव्हा ऊब हवी म्हणून पत्र्यावर माती, विटा किंवा दगड चढवू नका. पत्रा हुक-बोल्टनं पाईपाला आवळून घ्या. तो नीट बसला की फटही कमी होते. जे करायचं ते हलकं आणि आतून करायचं.

करायचं म्हणजे पत्र्याखाली एक वीतभर जागा सोडून दुसरं छत धरायचं. वारा थांबलेली हवा हीच खरी गोधडी. बांबूच्या तट्ट्या मिळाल्या तर उत्तम. नाहीतर धुतलेली पोती उसवून, जोडून, तारेवर ताणून बसवा. जुन्या लुगड्यांचा दुहेरी चांदवाही चालतो. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद थोड्या उतारानं टाकला की पत्र्याचं पाणी भिंतीकडे जातं, अंगावर पडत नाही. चुलीच्या वर मात्र कापड, पोतं, प्लास्टिक काहीच आणू नका. थर्माकोल स्वस्त आणि हलका असतो, पण पेटला की भराभर जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. आम्ही तो सुचवणार नाही. विजेची उघडी वायर या छतात लपू देऊ नका. उंदीर-विंचवासाठी दोन महिन्यांतून एकदा झाडून घ्यावं लागेल, हेही खरं. पण हाच आडोसा मे महिन्यात पत्र्याची धग अडवतो, त्यामुळे मेहनत दोनदा कामी येते.

कुड तुराट्यांचा असेल तर दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा गिलावा थंडीआधी करून घ्या. दाराखाली गुंडाळलेलं पोतं पुरतं. जमिनीवर आधी प्लास्टिक, मग पोती, मग गोधडी. अंगावर एक पांघरूण वाढवण्याआधी अंगाखाली एक वाढवा.

एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. फटी बुजवल्या म्हणून हवा पूर्ण बंद करायची नाही. चुलीजवळ वरच्या बाजूला झरोका उघडाच हवा. आणि दार लावून आत निखाऱ्याची शेगडी किंवा घमेलं ठेवून झोपायचं नाही, एक रात्रही नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि झोपेतला माणूस उठत नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारा सुरक्षित वाटतो, तिथंच घात होतो. शेकायचं तर बाहेर अंगणात शेका. आत कुणाला असा त्रास दिसला तर आधी त्याला उघड्यावर आणा, मग १०८ ला फोन करा.

ज्या घरात नवीन बाळ आहे त्यांनी सर्वांत आधी हात लावायला हवा. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन बालमृत्यू कमी करून दाखवले. बाळाला उबदार ठेवणं हा त्या कामाचा एक मोठा भाग होता. हाताच्या मागच्या बाजूनं बाळाचं पोट आणि तळपाय पाहा. पोट गरम, पाय गार, म्हणजे बाळाला थंडी लागते आहे; आईनं त्याला उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घ्यावं, टोपी-मोजे घालावेत. पोट आणि पाय दोन्ही गार, किंवा बाळ दूध ओढत नाही, तर सकाळची वाट पाहू नका, तसंच छातीशी धरून उपजिल्हा रुग्णालयात न्या. बाळ ४२ दिवसांचं होईपर्यंत आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात. त्यांना बाळ झोपतं ती जागाही दाखवा. म्हाताऱ्या माणसांचं सांगायचं तर थंडीत रक्तदाब वाढतो, म्हणून गोळ्यांत खंड नको आणि पहाटे एकदम उठून बाहेर जाणं नको.

रमाई आवासचं किंवा दुसरं घरकुल ज्यांचं चालू आहे, त्यांनी हप्ता संपण्याआधी गवंड्याशी बोलावं. पैसे कमी पडले की स्लॅबऐवजी पत्रा टाकला जातो आणि भिंतीचा शेवटचा थर राहून जातो. तोच थर पत्र्याला भिडवून घ्या, समोरासमोर दोन झरोके ठेवायला सांगा आणि पुढं तट्ट्या बांधता याव्यात म्हणून भिंतीत लोखंडी हुक आताच बसवून घ्या. गिलावा झाल्यावर तेच काम करायला पुन्हा मजुरी मोजावी लागते.