वीस किलोचा रॉड आणि अडीचशे कॅलरीचा समोसा

हॉस्टेलवर राहायला आलं की दोन गोष्टी हमखास वाढतात. एक म्हणजे बॅकलॉगची भीती आणि दुसरं म्हणजे पोट. पहिल्या सेमला घरून आणलेली पॅन्ट चौथ्या सेमला पलंगाखालच्या पेटीत जाते. मग गॅदरिंग जवळ आलं की अर्धं हॉस्टेल जिममध्ये दिसायला लागतं. तिथे गेल्यावर पहिला सल्ला ठरलेला असतो, "भाऊ, बॉडी बनवायची असेल तर जड मार, अन् वजन कमी करायचं असेल तर हलका रॉड घेऊन रेप्स मार. शंभर-शंभर!"

हा सल्ला मी इतक्या जणांकडून ऐकला की एकदा कागद-पेन घेऊन बसलो. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत, तेव्हा ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी गणित करून पाहायला काय हरकत आहे? त्यातून जे निघालं ते मित्रांसमोर आणि जिममध्ये अधूनमधून दिसणाऱ्या सर मंडळींसमोरही ठेवतो.

इतवारीची जिम

मी इतवारीचा. किराणा ओळ आणि मस्कासाथ ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी ट्रक लागतात आणि हमाल मंडळी पोती उतरवायला सुरुवात करतात. पूर्वी शंभर किलोची पोती असायची, आता बहुतेक ५० ची. ५० किलो पाठीवर घ्यायचं, दहा-पंधरा पावलं चालायचं, थप्पी लावायची आणि परत यायचं. हे दिवसभर. भरपूर रेप्सचा व्यायाम म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? आमच्या ओळीतल्या एका हमालकाकांना मी गमतीनं विचारलं होतं, "काका, तुम्ही व्यायाम कोणता करता?" ते म्हणाले, "बावा, पोतं हाच माह्या व्यायाम. जिममंदी पैसे देऊन उचलता, आमी पैसे घेऊन उचलतो!"

काकांच्या अंगावर चरबी नावाला नाही. पण त्यांचे गुडघे आणि कंबरही पाहिली पाहिजे. पन्नाशीच्या आत जिना चढताना कठडा धरावा लागतो. म्हणजे ओझं पुन्हा पुन्हा उचलल्यानं शरीर काटक होतं, आणि विश्रांती न देता, पद्धत न पाळता उचललं तर तेच शरीर झिजतं. हे दोन्ही धडे पुढे उपयोगी पडतील.

आता गणित

समजा आपला गडी ७५ किलोचा आहे आणि त्यानं खांद्यावर २० किलोचा रॉड घेऊन बैठका (म्हणजे स्क्वॉट) मारायच्या ठरवल्या. बैठक मारताना पोटऱ्या आणि पाय फारसे वर-खाली होत नाहीत, म्हणून शरीराचं हलणारं वजन ६५ किलो धरू. त्यात रॉडचे २० मिळवले की ८५. उंचीचा फरक साधारण ०.४५ मीटर.

काम = ८५ × ९.८१ × ०.४५ = सुमारे ३७५ ज्यूल.

शंभर बैठकांचे झाले ३७,५०० ज्यूल. एका किलोकॅलरीत ४,१८६ ज्यूल असतात, म्हणजे शंभर बैठकांचं यांत्रिक काम फक्त ९ किलोकॅलरी! वाचून धक्का बसला ना? पण थांबा. स्नायू हे काही शंभर टक्के कार्यक्षम यंत्र नाही. त्याची कार्यक्षमता २० ते २५ टक्के धरतात, बाकीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून प्रत्यक्ष खर्च ३६ ते ४५. खाली बसताना रॉड सावरावा लागतो त्याचे थोडे अजून. ढोबळमानानं शंभर बैठकांना ५० किलोकॅलरी धरा.

आता कॅन्टीनमधला एक बऱ्यापैकी मोठा समोसा अडीचशेच्या घरात असतो. तो जिरवायला पाचशे बैठका झाल्या. चटणी वेगळी.

पूर्ण व्यायामाचा हिशेब मेट या एककात करतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च १ मेट. वजनांचा व्यायाम निवांत केला तर साधारण साडेतीन, नेटानं केला तर सहा मेट. आपल्या ७५ किलोच्या गड्यानं पाऊण तास व्यायाम केला तर २०० ते ३४० किलोकॅलरी खर्च होतात. त्यातल्या ५६ तर तो नुसता बसून राहिला असता तरी झाल्याच असत्या. आणि एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. म्हणजे नुसत्या रॉडच्या भरवशावर महिन्यात पाच किलो उतरवण्याची जी स्वप्नं जिममध्ये विकली जातात, त्यांचं गणित बसत नाही.

मग रॉड मारायचा कशाला?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचं एक उत्तर आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. काट्याच्या भाषेत दोघंही तंदुरुस्त. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या माणसातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, आणि मधुमेह लवकर गाठतो त्यामागचं हे एक कारण आहे. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांची ८० च्या आत असावी असं सांगतात.

म्हणजे आपली लढाई काट्याशी कमी आणि चरबी-स्नायूंच्या प्रमाणाशी जास्त आहे. एक वेळ मेस बंद करून वजन उतरवणारे प्रत्येक विंगमध्ये असतात. काटा खाली येतो खरा, पण त्यात चरबीसोबत स्नायूही जातात. मग परीक्षेनंतर घरी गेलं, आईच्या हातचं खाल्लं की वजन परत येतं, आणि येतं ते बहुतांशी चरबी म्हणून. खाणं कमी करताना स्नायू टिकवायचे असतील तर त्यांना काम द्यावं लागतं. रॉडचं खरं काम हे आहे.

आणि त्यासाठी फार जड वजनच लागतं असंही नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं २०१६ साली व्यायामाची सवय असलेल्या ४९ तरुणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी ८ ते १२ रेप्सचं जड वजन उचललं, काहींनी २० ते २५ रेप्सचं हलकं. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांचे स्नायू जवळपास सारखेच वाढलेले होते. अट एकच होती, सेट चांगला थकेपर्यंत मारायचा. म्हणजे 'जड मारलं की बॉडी, हलकं मारलं की चरबी' ही वाटणीच मुळात खोटी आहे. जास्त रेप्सचा वेगळा फायदा म्हणजे दम वाढतो, आणि नवख्याला कमी वजनात पद्धत शिकता येते.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. आखाड्यातले दंड-बैठका म्हणजे भरपूर रेप्सच की. शेजारच्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्यांच्या चमूनं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवली होती. पुढे १९९० च्या सुमारास न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये फिलिप मिल्स यांनी हलका रॉड आणि गाणी एकत्र करून 'बॉडीपंप' हा प्रकार काढला. त्याच्या एका तासात आठशेच्या आसपास रेप्स होतात. गाणी काढून टाकली तर आपल्या आखाड्याचे आजोबा ते लगेच ओळखतील.

करायचं कसं?

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. आधी रिकाम्या हातानं पाच-सात मिनिटं अंग मोकळं करा. मग हे पाच प्रकार ओळीनं:

१. रॉड खांद्यावर घेऊन बैठका
२. रॉड हातात धरून कमरेतून वाकणं व उठणं (पाठ सरळ, गुडघे किंचित वाकलेले)
३. वाकलेल्या स्थितीत रॉड पोटाकडे ओढणं
४. उभं राहून रॉड डोक्यावर नेणं
५. एक पाय पुढे टाकून लंजेस

प्रत्येकाचे १५ ते २० रेप्स आणि मध्ये मिनिटभर विश्रांती. पाचही झाले की एक फेरी. पहिल्या आठवड्यात एकच फेरी, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यापासून तीन. वजन असं निवडा की शेवटचे तीन-चार रेप्स जड जातील, पण पाठ गोल होणार नाही. पद्धत बिघडली की सेट संपला, आकडा कितीही राहिलेला असो. वीस रेप्स सहज व्हायला लागले की अडीच किलो वाढवा. श्वास रोखून धरू नका, उचलताना सोडा. प्लेट्सचं लॉक दर वेळी तपासा. चाळिशीपुढच्या किंवा बीपी असलेल्या सरांनी आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

ही गंमत नाही

आमच्या विंगमधल्या एका पोट्ट्यानं पैज लावून पहिल्याच दिवशी चारशे उठाबशा मारल्या. दोन दिवसांनी मांड्या सुजल्या, जिना उतरता येईना आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली. चार दिवस सलाईनवर काढावे लागले. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. सवय नसताना अति रेप्स मारले की स्नायूंचे तंतू तुटतात, त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि किडनीवर ताण येतो. अशी लक्षणं दिसली की मनानं पेनकिलर न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, हा धोका अजून वाढतो. तेव्हा पहाटे मारा आणि पाणी पीत राहा.

आणि सिनिअर मंडळींना एक विनंती. नवीन पोरांना 'मजा' म्हणून शेकडो उठाबशा काढायला लावणं हे १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानं गुन्हा आहेच, पण वरचं वाचल्यावर ते जिवावर बेतू शकतं हेही लक्षात आलं असेल.

उरलेलं काम मेसच्या ताटात

रोज ५०० किलोकॅलरी कमी झाल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या जवळपास फरक पडतो. त्या आणायच्या कुठून? दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून सहा वेळा घेतला तर नुसत्या साखरेच्या २४० होतात. सहाचे दोन करा. कॅन्टीनचा एक समोसा सोडा. झाल्या ना जवळपास ४००! उरलेल्या रॉडकडून घ्या. प्रोटीनसाठी डबा विकत घ्यायची गरज नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ, आणि ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंचवीसेक ग्रॅम प्रोटीन असतं. वरण, दही, फुटाणे आहेतच. शनिवारी तर्री-पोहा खायला माझी ना नाही, फक्त दुसरी प्लेट मागवताना शंभर बैठकांना ५० हे कोष्टक आठवा.

थोडक्यात, वजन उतरवायचं काम ताटाकडे द्या आणि उतरताना अंगात ताकद टिकवायचं काम रॉडकडे. दर पंधरा दिवसांनी काट्याऐवजी टेपनं कंबर मोजा. तीन महिने नेमानं केलंत तर पेटीतली ती पॅन्ट परत बाहेर काढता येईल, आणि तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा कॅन नेताना धापही लागणार नाही.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)