शिट्टी पंचाची, चित्रफीत सर्वांची

गोल झाला की नाही, हा प्रश्न कोल्हापुरात एकट्या पंचाचा कधीच नव्हता. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी असोत, शिवाजी तरुण मंडळ असो वा प्रॅक्टिस क्लब. येथे संघ म्हणजे पेठ आणि पेठ म्हणजे घर. त्यामुळे राजर्षी शाहू स्टेडियमवर पेनल्टी क्षेत्रात एखादा खेळाडू कोसळला, की पंचाची शिट्टी वाजण्याआधीच दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांनी आपापला निकाल देऊन टाकलेला असतो. वाद, ईर्षा, हुल्लडबाजी आणि त्यापायी खोळंबलेले सामने हे या शहराच्या फुटबॉलवेडाचे जुने, पण फारसे न मिरवण्याजोगे अंग आहे.

अलीकडे त्यात नवी भर पडली आहे. स्थानिक सामने यूट्यूबवर थेट दिसू लागले आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. वादग्रस्त क्षणाची चित्रफीत सामना संपण्याआधीच मोबाईलवरून फिरू लागते. रात्री कट्ट्यावर ती थांबवून, मागे-पुढे करून पाहिली जाते आणि पंचाला दोषी ठरवून सभा बरखास्त होते. याच मंडळींनी शनिवार-रविवारी जागून इंग्लंड-स्पेनमधले सामने पाहिलेले असतात. तेथे पंच कानाला हात लावतो, हवेत चौकोन काढतो, मैदानाकडेच्या पडद्याकडे धावतो आणि दिलेला निर्णय फिरवतो. मग 'आपल्याकडे हे का नाही?' हा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी युरोपात ही व्यवस्था का आली, ती कशी चालते आणि ती आल्यावरही तेथील वाद का मिटले नाहीत, हे समजून घ्यायला हवे.

पंच सोडून सर्वांना दिसले

फुटबॉलच्या इतिहासात पंचांच्या चुका नव्या नाहीत. १९६६ च्या विश्वकरंडक अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा फटका आडव्या खांबाला लागून खाली आला. चेंडू रेषेच्या आत पडला की रेषेवर, यावर आजही इंग्रज आणि जर्मन यांचे एकमत नाही. १९८६ मध्ये इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने हाताने केलेला गोल पंचांनी मान्य केला. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये थिएरी हेन्रीने हाताने चेंडू अडवून दिलेल्या पासवर फ्रान्सचा गोल झाला आणि आयर्लंडचे विश्वकरंडकाचे दार बंद झाले.

खरी कलाटणी मिळाली ती २७ जून २०१० रोजी. दक्षिण आफ्रिकेतील विश्वकरंडकात त्या दिवशी दोन सामने होते. पहिल्यात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा फटका आडव्या खांबाला लागून गोलरेषेच्या चांगलाच आत पडला. पण पंचांनी गोल दिला नाही. जगभर दूरचित्रवाणीवर तो गोल दिसत होता. दुसऱ्या सामन्यात याच्या उलटे घडले. मेक्सिकोविरुद्ध अर्जेंटिनाच्या कार्लोस तेवेझने ऑफसाइड असताना केलेला गोल मान्य झाला. काही क्षणांतच त्याचे चित्रण स्टेडियममधील मोठ्या पडद्यावर झळकले. मेक्सिकोचे खेळाडू पंचांना पडद्याकडे बोट करून दाखवू लागले. परंतु चित्रणाच्या आधारे निर्णय बदलण्याची मुभा नियमात नव्हती. हजारो प्रेक्षकांना जे दिसत होते, ते नाकारणे इटलीचे पंच रॉबर्टो रोसेट्टी यांना भाग पडले. पुढे हेच रोसेट्टी २०१८ च्या विश्वकरंडकासाठी 'फिफा'च्या व्हिडिओ पंच प्रकल्पाचे प्रमुख झाले.

त्या दिवशी चुका झाल्या, हे एवढे विशेष नव्हते. चूक सर्वांना तत्काळ दिसते आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार असलेल्या एकाच माणसाला ती पाहता येत नाही, ही विसंगती असह्य झाली. शाहू स्टेडियमवरील आजची स्थिती नेमकी तीच आहे.

व्यवस्था कशी चालते?

पहिले पाऊल सोपे होते. चेंडूने गोलरेषा पूर्ण ओलांडली की पंचाच्या मनगटावरील घड्याळाला संदेश देणारे गोलरेषा तंत्रज्ञान २०१२ मध्ये मंजूर झाले आणि २०१४ च्या विश्वकरंडकात वापरले गेले. त्यावर फारसा वाद झाला नाही. दुसरे पाऊल नेदरलँड्सने टाकले. सप्टेंबर २०१६ मध्ये तेथील करंडक स्पर्धेतील आयाक्स आणि विलेम टू यांच्या सामन्यात व्हिडिओ सहायकाच्या सूचनेवरून पिवळ्याऐवजी लाल कार्ड दाखवण्यात आले. जर्मनी आणि इटलीच्या मुख्य लीगमध्ये २०१७-१८ पासून, स्पेनमध्ये २०१८-१९ पासून आणि इंग्लंडमध्ये २०१९-२० पासून ही पद्धत सुरू झाली. नियमपुस्तकात तिला २०१८ मध्ये स्थान मिळाले.

त्या वेळी हस्तक्षेपासाठी चारच प्रसंग ठरवण्यात आले: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि एकाऐवजी दुसऱ्याच खेळाडूला झालेली शिक्षा. त्यातही पंचाची चूक 'स्पष्ट आणि उघड' असली तरच व्हिडिओ कक्षातील सहायकाने बोलायचे. अंतिम निर्णय मैदानावरील पंचाचाच. क्रिकेटमधील 'अंपायर्स कॉल' ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यामागचा विचार सहज कळेल. शंकास्पद प्रसंगी मूळ निर्णय कायम राहतो. कॅमेरा पंचाची जागा घेण्यासाठी आणलेला नाही; ढळढळीत चूक टाळण्यासाठी आणलेला आहे.

तरी वाद का उरले?

याचे कारण असे, की फुटबॉलमधील सर्व वाद एका जातीचे नसतात. चेंडू रेषेबाहेर गेला का, खेळाडू ऑफसाइड होता का, हे वस्तुस्थितीचे प्रश्न. त्यांचे उत्तर मोजून मिळते. २०२२ च्या विश्वकरंडकात छताखाली बसवलेले १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते. चेंडूतील संवेदक सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. असे मोजमाप कधी निष्ठुर वाटते. एप्रिल २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये टॉटनहॅमविरुद्ध शेवटच्या क्षणी झालेला मँचेस्टर सिटीचा गोल आनंदोत्सवानंतर ऑफसाइड म्हणून रद्द झाला आणि त्याबरोबर त्यांचे आव्हानही संपले. निर्णय मात्र बरोबर होता.

दुसरी जात मताच्या प्रश्नांची. हाताला लागलेला चेंडू हेतुतः अडवलेला होता का? धक्का पाडण्याइतका जोरदार होता का? २०१८ च्या अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या इव्हान पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला. पंच नेस्टोर पिटाना यांनी पडद्यावर तो क्षण पुन:पुन्हा पाहिला आणि फ्रान्सला पेनल्टी दिली. चेंडू हाताला लागला याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. तो गुन्हा होता का, यावर जाणकारांतही दोन तट पडले. कॅमेऱ्याने घटना दाखवली, अर्थ माणसालाच लावावा लागला.

येथे एक गोष्ट कट्ट्यावरील परीक्षकांनीही ध्यानात ठेवावी. संथ गतीत पाहिलेला धक्का अधिक हेतुपुरस्सर भासतो. म्हणूनच व्हिडिओ पंचांना शिकवले जाते, की संपर्क कोठे झाला, खेळाडू कोठे होता हे संथ गतीत पाहावे. पण धक्क्याची तीव्रता मूळ वेगातच जोखावी. तसेच बचावफळीच्या रेषेत नसलेल्या कॅमेऱ्यातून ऑफसाइड ठरवणे धोक्याचे असते. तिरक्या कोनातून मागे असलेला खेळाडू पुढे दिसतो. प्रेक्षागृहाच्या कोपऱ्यातून मोबाईलवर घेतलेली चित्रफीत 'पुरावा' म्हणून फिरते, तेव्हा या दोन्ही मर्यादा आपण विसरतो.

तिसरी जात कार्यपद्धतीच्या चुकांची. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझने केलेला वैध गोल मैदानावर ऑफसाइड ठरवण्यात आला. व्हिडिओ कक्षाने चित्रण नीट तपासले, खेळाडू ऑफसाइड नाही हे ओळखलेही. पण मैदानावर गोल दिला गेला आहे, अशा समजुतीत 'तपासणी पूर्ण' असा निरोप दिला. खेळ पुन्हा सुरू झाला आणि नियमानुसार मागे फिरण्याचा मार्ग बंद झाला. लिव्हरपूल २-१ असा हरला. कॅमेरे, पडदे, तज्ज्ञ सारे हजर होते. कमी पडला तो दोन माणसांमधील संवाद.

इतक्या कटू अनुभवांनंतरही जून २०२४ मध्ये इंग्लिश प्रीमियर लीगच्या २० पैकी १९ क्लबांनी ही पद्धत ठेवण्याच्या बाजूने मत दिले. स्वीडनने मात्र त्याच वर्षी ती न स्वीकारण्याचे ठरवले. तेथे क्लबांवर सदस्य-चाहत्यांचे नियंत्रण असते आणि गोलचा आनंद रोखून धरणारी व्यवस्था त्यांना नको होती.

भारताचे दोन धडे

आपल्याकडील दोन प्रसंग यासंदर्भात बोलके आहेत. ११ जून २०२४ रोजी दोहा येथे विश्वकरंडक पात्रता सामन्यात भारत कतारविरुद्ध १-० असा आघाडीवर होता. जिंकल्यास भारताला प्रथमच तिसरी फेरी गाठता येणार होती. ७३ व्या मिनिटाला गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने हेडर अडवला. चेंडू अंतिम रेषेबाहेर गेला, तो कतारच्या खेळाडूने पायाने आत ओढला आणि युसूफ आयमेनने जाळ्यात मारला. पंचांनी गोल दिला. त्या फेरीत व्हिडिओ पद्धत नव्हती. भारत २-१ असा हरला आणि स्पर्धेबाहेर पडला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तक्रार केली. निकाल बदलला नाही. हा प्रश्न निव्वळ वस्तुस्थितीचा होता. एका योग्य कॅमेऱ्याने तो सुटला असता.

दुसरा प्रसंग ३ मार्च २०२३ चा. इंडियन सुपर लीगच्या बाद सामन्यात अतिरिक्त वेळेत बंगळुरूच्या सुनील छेत्रीने केरळ ब्लास्टर्सचे खेळाडू सज्ज होण्याआधीच फ्री किक घेऊन गोल केला. पंचांनी तो मान्य करताच केरळचा संघ मैदान सोडून गेला. पुढे त्या क्लबला ४ कोटी रुपये दंड झाला. येथे काय दिसले, हा मुद्दाच नव्हता. पंचांनी शिट्टीची वाट पाहायला सांगितले होते की नाही, यावर सारा वाद होता. तो मिटवायला कॅमेरा अपुरा पडला असता.

कुस्तीच्या या नगरीला हा पेच परका नाही. पाठ टेकली की नाही, यावरून आखाड्यात वाद होतच आले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या निर्णायक लढतीनंतर पराभूत मल्लाने चित्रण पुन्हा पाहण्याची मागणी केली आणि संतापाच्या भरात पंचालाच लाथ मारली. त्यानंतर मूळ निकालाची चर्चा मागे पडली. लोकांच्या लक्षात राहिली ती लाथ.

परवडणारी वाट

युरोपातील मोठ्या लीगसारखी व्यवस्था स्थानिक स्पर्धेला परवडणारी नाही, हे उघड आहे. मात्र मधली एक वाट निघाली आहे. 'फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट' नावाच्या पद्धतीत वेगळा व्हिडिओ पंच किंवा स्वतंत्र कक्ष नसतो. मोजक्या कॅमेऱ्यांचे चित्रण मैदानाकडेच्या पडद्यावर उपलब्ध असते. प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा फेरतपासणी मागता येते. मागणी योग्य ठरली तर ती संधी शिल्लक राहते. पंच स्वतः पडदा पाहून निर्णय देतो. २०२४ मध्ये कोलंबियातील २० वर्षांखालील महिला विश्वकरंडकात ती आजमावण्यात आली. नंतर स्पेनच्या महिला लीगमध्ये आणि इटलीच्या तिसऱ्या श्रेणीतही ती आली.

या पद्धतीचा मोठा गुण तंत्रात नाही, शिस्तीत आहे. दाद कोणी मागायची, किती वेळा मागायची आणि वाद कोठे संपला असे मानायचे, हे तीत सामन्याआधीच ठरलेले असते. निर्णय पटला नाही म्हणून संपूर्ण संघाने पंचाला घेराव घालण्याची गरज उरत नाही. शाहू स्टेडियमवर किमान उपांत्य आणि अंतिम सामन्यांसाठी, अधिकृत परवानगी घेऊन असा प्रयोग करता येईल का, याचा विचार संयोजकांनी आणि तालमींनी मिळून करायला हरकत नाही. तोवर विनाखर्चाच्या दोन गोष्टी आजही शक्य आहेत: पंचाशी फक्त कर्णधाराने बोलणे आणि वादग्रस्त निर्णयाचे नियमाधारित स्पष्टीकरण सामन्यानंतर जाहीर करणे.

अनिकेत जाधवसारखा खेळाडू याच शहरातून २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वकरंडकापर्यंत पोहोचला. असे आणखी खेळाडू घडायचे, तर सामने पूर्ण व्हायला हवेत आणि ते पूर्ण करण्यासाठी शिट्टी हातात घेणारी तरुण माणसे टिकायला हवीत. सामन्यानंतर घरी परतताना आपल्याच गल्लीत तोंड लपवावे लागेल, अशी धास्ती असेल तर पंच व्हायला कोण पुढे येईल? कॅमेरा येईल तेव्हा येईल. आला तरी पेरिसिचच्या हातासारखा एखादा प्रसंग उद्भवेलच आणि तेव्हा मैदानाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या त्या एका माणसाचाच निर्णय आपल्याला मानावा लागेल.