डोंगरात सोबत कोणाची?

भाताची झोडणी उरकली, हाताला जरा उसंत मिळाली की आमच्या बचत गटात एक विषय निघतोच : यंदा कळसूबाईला जायचं का? देवीचं दर्शन होतं, दोन दिवस मोकळी हवा मिळते. गाडी ठरवणं सोपं असतं. अवघड असतं ते बरोबर कोण हे ठरवणं. आज त्याबद्दलच बोलू या.

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. अकोले तालुक्यातलं बारी हे पायथ्याचं गाव. कड्याच्या जागी लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. सवय नसलेल्या बाईला चढायला तीन-चार तास लागतात. गुडघे दुखत असतील तर उतरायलाही तेवढेच.

पहिल्यांदा आम्ही अकरा जणी गेलो. एका गटातल्या, म्हणून एकत्र निघालो, एवढंच. कोणाला किती चालवतं, कोणाला काय दुखणं आहे, कोणी विचारलं नाही. तरुण सुना भराभर पुढे गेल्या. पाणी आणि भाकऱ्या त्यांच्याच सॅकमध्ये. एका शिडीखाली आमच्या एका काकूंचा गुडघा धरला. फोनला रेंज नाही. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. पुढच्या परतल्या तेव्हा ऊन चढलं होतं आणि काकूंना चक्कर येत होती. कसंबसं खाली आणलं. घरी काकांनी सुनावलं, "म्हणून म्हणत होतो, बायकांनी जाऊ नये." पुढची दोन वर्षं गटातल्या एकीलाही घरून होकार मिळाला नाही.

चूक बायका असण्याची नव्हती. न विचारता निघण्याची होती.

मग सोबतीण शोधायची कुठे? आपल्या गटात, शेजारच्या वाडीच्या गटात, भजनी मंडळात. पायी वारी केलेल्या बायकांना आधी विचारा. दिवसभर चालणं, पायाला फोड येणं, मिळेल तिथे झोपणं त्यांना नवं नसतं. बाहेरगावची कोणी येणार असेल, तर आधी तिला भेटा आणि तिला ओळखणारी एक तरी व्यक्ती शोधा. नुसत्या फोनवरच्या ओळखीवर मुक्कामाला जाऊ नका.

निदान चौघी तरी हव्यात. एकीला लागलं तर एक तिच्याजवळ थांबते आणि दोघी मिळून मदत आणायला जातात. कोणालाच एकटं राहावं लागत नाही.

निघण्याआधी प्रत्येकीला चार गोष्टी विचारा. चढाची सवय किती आहे? दमा, बीपी, साखर, गुडघा, काही त्रास आणि गोळ्या? पाळीची तारीख त्याच दिवसांत येते का? यात लाजायचं काही नाही. तिसरं, घरी किती वाजता पोचायलाच हवं? आणि चौथं, सगळ्यांत महत्त्वाचं : वर न पोचता परतावं लागलं तर चालेल का? एखादी म्हणते, "माझा नवस आहे, मी मागे फिरणार नाही." तिची श्रद्धा खरी आहे, पण हे बोलणं घरीच व्हायला हवं, शिडीखाली नव्हे.

बोलण्यापेक्षा चालण्यातून माणूस जास्त कळतो. म्हणून दोन आठवडे आधी, सामानाची सॅक पाठीवर घेऊन, गावामागची टेकडी एकत्र चढा. मागे राहिलेलीसाठी कोण थांबतं, दमल्यावर कोण चिडतं, दुखत असून कोण लपवतं, ते तिथेच दिसतं.

डोंगरात चाल सगळ्यांत हळू चालणारीची. दमदार बाई शेवटी, तिच्या मागे कोणी नाही. पाणी प्रत्येकीचं स्वतःजवळ, दोन-तीन लिटर. परत फिरायची वेळ आधी ठरलेली. ती झाली की असू तिथून मागे. सगळ्यांची नावं, मुक्कामाचं ठिकाण आणि परतायची वेळ कागदावर लिहून घरी ठेवा. अडचणीत रेंज मिळाली तर ११२ लावा. वाटाड्या घेतलात तर तो पायथ्याच्याच गावातला घ्या आणि पैसे आधी ठरवा.

तिसऱ्या वर्षी आम्ही सहा जणी गेलो. काकूही आल्या. त्यांनी पहिल्या शिडीपर्यंतच यायचं, एकीने त्यांच्याबरोबर थांबायचं, हे घरूनच ठरलं होतं. चौघी वर जाऊन आल्या, देवीचा अंगारा काकूंसाठी घेऊन आल्या. सांगितलेल्या वेळेला सगळ्या घरी. यंदा काकाच विचारत होते, "गाडी कधीची?"

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की हे चार प्रश्न एकमेकींना विचारा. डोंगर कुठे जात नाही. सोबत आधी जुळवा, मग निघा.