कायरोप्रॅक्टरचा दवाखाना: नुसता हात बसून भागत नाही

मान कटकन वळवून रुग्णाला 'मोकळं' करणारे व्हिडिओ सध्या मोबाइलवर धो धो फिरतात. ते पाहून वाटतं, हातात कसब आलं की दवाखाना थाटायचा, मग पेशंटची रांग लागणारच. अमेरिकेत कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मुख्यतः मणक्यावरचा हस्तोपचार, शिकायला निघालेल्या मुलांचा असा समज असतो, त्यांच्या पालकांचाही असतो. ही विद्या जन्मली अमेरिकेत आणि तिचा व्यवसायही मुख्यतः तिथेच वाढला. त्यामुळे तिथल्या खासगी दवाखान्यासाठी काय तयारी लागते, हे नीट समजून घ्यायला हवं.

'हा तर काही महिन्यांचा कोर्स!'

कधीकाळी हे खरं होतं. डी. डी. पामर यांनी १८९५ साली आयोवातल्या डॅव्हनपोर्ट इथे या पद्धतीची सुरुवात केली, तेव्हाचं शिक्षण अगदीच तुटपुंजं होतं. आज आधी कॉलेजची साधारण तीन वर्षं आणि मग किमान ४,२०० तासांचा डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक हा अभ्यासक्रम करावा लागतो. त्याला सीसीई या संस्थेची मान्यता लागते. राष्ट्रीय मंडळाची परीक्षा चार टप्प्यांची असून शेवटचा टप्पा प्रात्यक्षिकाचा असतो. त्यानंतर परवाना देतं ते राज्य. असा कायदा सगळ्यात आधी कॅन्सासने १९१३ मध्ये केला, तर शेवटच्या लुइझियानाने १९७४ मध्ये. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, त्यामुळे एका राज्याच्या परवान्यावर दुसऱ्या राज्यात पाटी लावता येत नाही. औषधं लिहून देण्याचा अधिकार बहुतेक राज्यांत नाही.

'आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला'

तो आवाज हाडाचा नसतो. सांध्याचे पृष्ठभाग झटकन दूर झाले की आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटांचे सांधे ओढताना एमआरआयमध्ये ही पोकळी तयार होताना टिपली. म्हणजे आवाजावरून उपचार लागू पडला की नाही, हे कळत नाही. आवाजाच्या मागे लागलेला विद्यार्थी पुढे जास्त जोर लावायला शिकतो, आणि तिथेच धोका असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली सांगितलं, की मानेला झटका देण्याचा आणि मानेतली रक्तवाहिनी आतून फाटण्याचा संबंध आढळला आहे आणि रुग्णाला त्याची आधी कल्पना द्यावी. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर पक्षाघात होऊ शकतो. रुग्णाची संमती घेण्याआधी हे त्याला सांगायलाच हवं.

या उपचाराला आधारच नाही, हेही खरं नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शनात कंबरदुखीवर औषधांआधी करून पाहायच्या उपायांमध्ये मणक्याचा हस्तोपचार आहे, मात्र त्यामागचा पुरावा फार भक्कम नाही, असंही तिथे नमूद आहे. दमा किंवा तान्ह्या बाळाचं रडणं याने बरं होतं, या दाव्यांना तेवढाही आधार नाही. कंबरदुखीच्या रुग्णाला लघवी अडत असेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता आली असेल, तर त्याला टेबलवर न घेता लगेच रुग्णालयात पाठवायचं असतं. माझ्या मते खासगी दवाखान्याच्या तयारीचा गाभा हाच आहे. कॉलेजच्या क्लिनिकमध्ये शेजारी पर्यवेक्षक असतो. स्वतःच्या दवाखान्यात 'हा पेशंट माझा नाही' हे एकट्यानेच, तेही वेळेत ओळखावं लागतं.

'कागदपत्रं रिसेप्शनवरची मुलगी बघेल'

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. सत्तरीतल्या एका बाईंची कंबर दुखते आणि त्यांना ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना, मेडिकेअर, लागू आहे, असं समजा. ही योजना १९७२ च्या कायद्यापासून कायरोप्रॅक्टरला पैसे देते, पण फक्त मणक्याच्या हस्तोपचाराचे. त्याने केलेली तपासणी किंवा काढलेला एक्स-रे यांचं बिल योजनेत बसत नाही. एक्स-रे नसेल तर नोंदीत वेदना, असमानता, हालचालीतला दोष आणि स्नायूंचा ताण या चारपैकी किमान दोन खुणा हव्यात, आणि त्यांतली एक असमानतेची किंवा हालचालीतल्या दोषाची असायलाच हवी. मणक्याच्या एक-दोन भागांवर उपचार केला तर कोड ९८९४०, तीन-चार भागांवर ९८९४१, पाचही भागांवर ९८९४२. शिवाय हा चालू दुखण्यावरचा उपचार आहे, हे सांगणारी 'एटी' ही खूण जोडायची. दुखणं थांबलं आणि बाई 'बरं वाटतं म्हणून' येत राहिल्या, तर ती खूण लावता येत नाही. तेव्हा खर्च त्यांच्या खिशातून जाणार, हे आधी लेखी कळवावं लागतं.

हे निर्णय रिसेप्शनवर होऊ शकत नाहीत. तपासणाऱ्या हातांनीच लिहायचं असतं. नोंद नसेल तर दिलेले पैसे सरकार परत मागतं. इतर डॉक्टरांना करार करून मेडिकेअरमधून बाहेर पडता येतं, कायरोप्रॅक्टरला ती मुभा नाही.

'पास झालो की स्वतःचाच दवाखाना'

काढता येतो, पण घाई नको. २०२२ मध्ये कायरोप्रॅक्टरचं मध्यम वार्षिक उत्पन्न सुमारे ७५ हजार डॉलर होतं, आणि अनेकांचं शैक्षणिक कर्ज त्याहून मोठं असतं. वर भाडं, यंत्रं, व्यावसायिक जबाबदारीचा विमा हे सगळं आलंच. म्हणून बरेच जण आधी एखाद्या जुन्या दवाखान्यात सहकारी म्हणून राबतात. माजी सैनिकांच्या काही सरकारी रुग्णालयांत २०१४ पासून वर्षभराची रेसिडेन्सीही आहे, पण जागा मोजक्याच. इतर डॉक्टरांच्या बरोबरीने काम करायला शिकवणारी यापेक्षा चांगली जागा मला दिसत नाही.

कर्जाच्या ओझ्याखाली मोह होतो तो पॅकेजचा: पहिल्याच भेटीत घाबरवायचं आणि वर्षभराच्या भेटींचे पैसे आगाऊ घ्यायचे. हे शिकवणारे व्यवसाय-सल्लागारही भेटतात. दुखणं किती भेटींत आवरेल, हे पहिल्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं. थोड्या भेटी ठरवून पुन्हा तपासायचं आणि फरक नसेल तर पुढे पाठवायचं, हीच प्रामाणिक रीत. मेडिकेअरच्या रुग्णाचा वाट्याचा हिस्सा सरसकट माफ करणं तर लाचविरोधी कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतं. आपल्याला ती सवलत वाटते, तिथे तो गुन्हा ठरू शकतो.

घरातलं कुणी या वाटेने जाणार असेल, तर प्रवेशाआधी दोन गोष्टी पाहा. कॉलेजला सीसीईची मान्यता आहे का, आणि त्याचे किती विद्यार्थी राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होतात. हे आकडे कॉलेजला जाहीर करावेच लागतात. पदवी घेऊन भारतात परतायचा विचार असेल, तर आपल्याकडे कायरोप्रॅक्टरची नोंदणी करून परवाना देणारी वैधानिक परिषद नाही, हेही आधीच लक्षात घ्या.