पाटी आपली, तर दुकान आपलं!

दिवाळीच्या तोंडावर यवतमाळहून ओळखीच्या एका ताईंचा फोन आला. आवाज रडवेला. ‘‘ताई, आमची वेबसाईट उघडूनच नाही राहिली हो! ऑर्डरी यायचे हेच तर दिवस. आता काय करू?’’

त्यांच्या बचत गटाच्या मुंगवड्या, कुरडया आणि लोणच्यांना मुंबई-पुण्याकडून चांगली मागणी. साईट करून दिली होती ओळखीतल्याच एका मुलाने. पैसे गटाने भरले. पण नाव नोंदवताना त्याने ईमेल आणि मोबाईल नंबर स्वतःचा टाकला. पुढे तो नोकरीला बाहेरगावी गेला, नंबर बदलला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिल्या आणि ऐन हंगामात साईट बंद पडली. चौकशी केली तर कळलं, नोंदीत ते नाव गटाचं नव्हतंच!

मैत्रिणींनो, सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून बायकांना किती झगडावं लागतं, हे आपल्या कापसाच्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. मग इंटरनेटवरचं आपलं नाव आपणच दुसऱ्याच्या हाती का द्यावं?

पाटी वेगळी, गाळा वेगळा

वेबसाईटला दोन गोष्टी लागतात. एक डोमेन, म्हणजे दुकानावरची पाटी. दुसरी होस्टिंग, म्हणजे गाळा. आपले फोटो, भाव आणि मजकूर एखाद्या कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, भाड्याने ठेवायचे. गाळा आवडला नाही तर बदलता येतो. पाटी मात्र हातची गेली, की गिऱ्हाईक पत्ताच विसरतं. म्हणून डोमेन गटाच्या नावाने, गटाच्या ईमेलवर घ्या. ते मुदतीवर मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. २०१४ पासून ‘.भारत’ लावून देवनागरीतही नाव घेता येतं.

‘‘फुकट मिळतं की, पैसे कशाला?’’ असंही कोणी म्हणेल. पण फुकटच्या जागेला करारनामा नसतो. छोट्या दुकानांना गुगलने दिलेल्या मोफत वेबसाईट्स मार्च २०२४ मध्ये गुगलनेच बंद केल्या. महिन्याला पाच-दहाच ऑर्डरी असतील तर व्हॉट्सअॅपवर भागवा. पण धंदा वाढवायचा तर स्वतःची जागा हवीच.

गाळा बघताना काय विचाराल?

भाडं : पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघून भुलू नका. दुसऱ्या वर्षी किती लागणार, ते विचारा. वर १८ टक्के जीएसटी धरा.

जागा : ‘शेअर्ड’ होस्टिंग म्हणजे एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं आणि नळ एकच. वीस-तीस पदार्थांच्या साईटला ते पुरतं. सुरुवातीलाच महागडा प्लॅन कोणी गळ्यात मारत असेल, तर नाही म्हणा.

भरवसा : ‘९९.९ टक्के अपटाईम’ म्हणजे महिन्यातून साधारण ४३ मिनिटं साईट बंद राहू शकते. ९९ टक्के म्हटलं, की तेच सात तासांच्या वर जातं!

वेग : गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर सर्व्हर भारतातला बघा. पान लवकर उघडतं. फोटोही हलके करून टाका. खेड्यात नेट कसं चालतं ते आपण जाणतोच.

कुलूप : एसएसएल म्हणजे साईटचं कुलूप. ते नसेल तर २०१८ पासून क्रोम ‘सुरक्षित नाही’ असं दाखवतं, आणि ते वाचून गिऱ्हाईक परत फिरतं. हे कुलूप मोफतही मिळतं. वेगळे पैसे मागितले, तर कशाचे ते विचारा.

बॅकअप : लोणच्याच्या एका बरणीला बुरशी आली तरी दुसरी असते ना? तसं साईटचंही. कंपनी बॅकअप किती दिवसांनी घेते ते विचाराच. शिवाय महिन्यातून एकदा एक प्रत आपल्या पेनड्राईव्हवर उतरवून घ्या.

मदत : पैसे भरण्याआधी एकदा रात्री फोन करून बघा. कोणी उचलतं का? आपल्याला समजेल अशा भाषेत बोलतं का? निम्मी परीक्षा तिथेच होते.

साईट दुसऱ्याकडून करून घ्यायला हरकत नाही. आपण घरही गवंड्याकडूनच बांधतो. पण काम झालं की किल्ल्या आपण ताब्यात घेतो.

त्या गटाला जुनं नाव काही परत मिळालं नाही. नवं घ्यावं लागलं, पाकिटांवर नव्या पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवाव्या लागल्या. काही जुनी गिऱ्हाइकं सुटली ती सुटलीच. आता मात्र नाव गटाचं आहे, मुदतीची तारीख बैठकीच्या वहीत पहिल्या पानावर आहे. पासवर्डची डायरी कपाटात, आणि कपाटाच्या किल्ल्या दोघींकडे!